मालवलेली स्क्रीन

गिरगावातल्या आमच्या चाळीत रात्री साडेअकरानंतर जो अंधार होतो तो कधीच पुरता अंधार नसतो. गॅलरीतल्या सामायिक दिव्याचा पट्टा दारावरच्या झरोक्यातून आत उतरतो, समोरच्या इमारतीच्या जिन्यातला उजेड खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर टाकतो, आणि गेली पन्नासहून अधिक वर्षे याच खोलीत झोपणारी माझी आई या सगळ्या उजेडासकट शांत झोपते. तिला सवय झाली नाही ती फक्त माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनची. तिची खाट माझ्या टेबलापासून चार हातांवर आहे, आणि स्क्रीनचा तो निळसर पांढरा उजेड थेट तिच्या पापण्यांवर पडतो. काम रंगात आले असताना मागून तिचा आवाज येतो, "ते मालव ना गं आता."

ती "बंद कर" म्हणत नाही, आणि हा नुसता शब्दांचा फरक आहे असे मला आता वाटत नाही. आमच्या घरात दिवा विझवला जात नाही, मालवला जातो. बंद करतात ते दुकान, नळ, बँकेतले खाते. जे बंद झाले त्याचे काम तिथे थांबले. दिवा मालवल्यावर मात्र घर चालूच असते. विरजण लागत असते, भिजत घातलेले कडधान्य फुगत असते, पहाटेच्या पाण्यासाठी लावलेला गजर टिकटिकत असतो. आईला माझे काम थांबायला नको होते, तिला फक्त उजेड नको होता. लॅपटॉपकडे मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची सोय मला कित्येक महिने सापडली नाही.

माझे काम श्राव्यपुस्तकांच्या ध्वनिसंपादनाचे आहे. निवेदकांनी वाचलेली प्रकरणे माझ्याकडे येतात. त्यांतली अडखळलेली वाक्ये काढायची, दोन परिच्छेदांमधली शांतता नीट बेतायची, पंख्याची घरघर किंवा मध्येच आलेला कावळा पुसून टाकायचा आणि शेवटी सगळे प्रकरण एका पातळीला आणायचे. दिवसा चाळीत हे काम होत नाही. कुकरच्या शिट्ट्या, भांडी, गॅलरीतून जाणारी मुले यांच्यातून निवेदकाच्या ओठांचा बारीक आवाज वेगळा काढणे हेडफोन लावूनही जमत नाही. म्हणून चर्नी रोडकडून येणारा लोकलचा आवाज विरळ झाला की मी बसते. त्यातही बराच वेळ माझी गरजच नसते. तासाभराच्या प्रकरणातला खरखराट काढणे, मग त्याची अंतिम फाइल बनवणे, प्रती वेगळ्या डिस्कवर टाकणे ही कामे यंत्र एकटे करते, आणि ते करत असताना मी आडवी होऊ शकते. स्क्रीन तेवढी उगाच तेवत राहते.

या उजेडाचे काय करायचे यासाठी मी जे जे केले ते कोणीही केले असते. उजेड कमी करण्याची कळ शेवटपर्यंत दाबली. काही लॅपटॉपांवर तेवढ्याने दिवा खरोखर जातो, माझ्या लॅपटॉपवर एक फिकट साय उरतेच. जुनी ओढणी टाकली, तर बिजागरीजवळून बाहेर पडणारी गरम हवा अडली, आतला पंखा जोराने फिरू लागला आणि उजेडाच्या जागी आवाज आला. झाकण मिटले, तर लॅपटॉप झोपला. झोपला म्हणजे कामासकट झोपला, आणि सकाळी झाकण उघडले तेव्हा फाइल रात्री होती त्याच टक्क्यावर थांबलेली होती. झाकण मिटल्यावर काहीच करू नये असे यंत्राला सांगता येते, हे मला नंतर कळले. पण मग कीबोर्डही झाकणाखाली जातो, आणि मला तर अंधारात कीबोर्ड हवा होता.

शेवटी मी एक संपूर्ण काळे चित्र करून ते स्क्रीनभर उघडले. माझी अपेक्षा अशी की काळे म्हणजे अंधार. दिवा मालवून पाहिले तर भिंतीवर राखाडी चौकोन तसाच होता, थोडा मंद एवढेच. तेव्हा पहिल्यांदा मला या वस्तूची रचना समजून घ्यावीशी वाटली. माझ्या लॅपटॉपसारख्या एलसीडी स्क्रीनमध्ये चित्र स्वतः उजळत नाही. त्याच्यामागे एक दिवा सतत पेटलेला असतो, ज्याला बॅकलाइट म्हणतात, आणि पुढचे द्रवस्फटिक त्या दिव्याचा प्रकाश कुठे सोडायचा व कुठे अडवायचा एवढेच ठरवतात. काळा रंग दाखवणे म्हणजे सगळी दारे लोटून घेणे, आणि लोटलेल्या दारांच्या फटींतून उजेड झिरपतोच. आत दिवा तेवढाच पेटलेला, वीज जवळपास तेवढीच जळत असलेली. ओएलईडी स्क्रीनचे तसे नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, त्यामुळे काळा ठिपका म्हणजे खरोखरच न पेटलेला ठिपका. माझ्याकडे ती स्क्रीन नव्हती. मला मागचा दिवाच मालवायला हवा होता.

डेस्कटॉप होता तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नव्हता, कारण मॉनिटरच्या खाली त्याचे स्वतःचे बटण होते. लॅपटॉप करताना मॉनिटर, कीबोर्ड आणि पेटी एकत्र मिटली, आणि त्यात ते बटण गेले. एक झाकण सगळ्याचे उत्तर आहे असे मानले गेले असावे. मला ते बटण गेल्याचे मनापासून वाईट वाटते. ज्या घरात एका खोलीत तीन पिढ्या झोपतात, तिथे वस्तूचा उजेड आणि वस्तूचे काम यांना वेगवेगळी बटणे असणे ही चैन नव्हे.

डोंबिवलीचा माझा भाचा एका रविवारी आजीला भेटायला आला होता. मी विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली वापरते हे त्याला ठाऊक होते, कारण त्यानेच ते बसवून दिले होते. माझी तक्रार ऐकून त्याने यंत्राला लिहून आज्ञा देण्याची एक काळी खिडकी उघडली आणि चार शब्द लिहिले: एक्ससेट, डीपीएमएस, फोर्स, ऑफ. एंटर दाबल्याबरोबर स्क्रीन गेली, अगदी विहिरीत पाहावे तशी काळी, आणि प्रकरण मात्र वाजतच राहिले. त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो. मी म्हटले, आता हे एका शॉर्टकटला बांधून दे, दर वेळी खिडकी उघडून लिहायला नको. त्याने तीन कळा नेमल्या. मी त्या दाबल्या, स्क्रीन गेली आणि लगेच परत आली. पुन्हा दाबल्या, पुन्हा तेच. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मावशी, कळ दाबलीस हे त्याला कळतं, तसं बोट उचललंस हेही कळतं. उचललंस की त्याला वाटतं, तू जागी आहेस."

उपाय इतका साधा होता की मला तो सुंदर वाटला. आज्ञेच्या आधी त्याने आणखी एक शब्द घातला: स्लीप १, म्हणजे एक सेकंद थांब. कळा दाबायच्या, बोटे उचलायची, एक सेकंद सरतो, आणि मग स्क्रीन मालवते. तेव्हापासून माझ्या रात्रीत हा एक सेकंद आहे. त्यात मी हात मांडीवर घेते, पाठ खुर्चीला टेकवते. फुंकर घालण्याआधी माणूस श्वास घेतो तसे ते आहे.

डीपीएमएस म्हणजे काय, हे मी मागाहून वाचले, आणि ते वाचून या आज्ञेबद्दल माझ्या मनात जिव्हाळा निर्माण झाला. मॉनिटर पूर्वी काचेच्या मोठ्या नळीचे असत, भरपूर वीज खात आणि कार्यालयांत रात्रभर रिकाम्या खुर्च्यांपुढे पेटलेले राहत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार हा कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्याच्या चिन्हाचे पहिले मानकरी संगणक आणि मॉनिटरच होते. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, व्हेसा या मॉनिटरची मानके ठरवणाऱ्या संघटनेने मॉनिटरची वीज वाचवण्याची एक ठरावीक खूण निश्चित केली, ती डीपीएमएस. ही खूण मला विलक्षण वाटते. त्या काळच्या तारेतून संगणक मॉनिटरला चित्राबरोबर दोन ताल देत असे: एक प्रत्येक आडव्या ओळीचा, दुसरा प्रत्येक पूर्ण चित्राचा. मॉनिटरने झोपावे यासाठी वेगळा हुकूम केलेलाच नाही. ओळीचा ताल थांबला तर मॉनिटरने डुलकी घ्यायची, चित्राचा थांबला तर गाढ झोपायचे, आणि दोन्ही थांबले तर दिवा मालवायचा. तबलजीने हात उचलल्यावर गायकाला जसे न सांगता समजते, तसे. लॅपटॉपच्या आजच्या स्क्रीनला जोडणाऱ्या तारेत ते दोन ताल त्या रूपात राहिलेले नाहीत, पण नाव टिकले, आणि माझ्या तीन कळांखाली तेच नाव आहे.

उजेड जावा एवढ्यासाठी मी हे सगळे केले होते. त्याने माझ्या ऐकण्यात काय बदल होईल, याचा मी विचारही केला नव्हता. ध्वनिसंपादनाच्या खिडकीत आवाजाची आकृती दिसते. शब्द जिथे आहे तिथे डोंगर, शांतता जिथे आहे तिथे सपाटी, आणि त्यावरून एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते. वर्षानुवर्षे मी ती रेघ बघत ऐकत आले होते. माझा जोड कुठे आहे हे मला दिसत असे, रेघ त्याच्याजवळ पोचण्याआधीच माझा कान तयार होत असे, आणि तयार झालेल्या कानाला जोड ऐकू येत नसे. पुढचा डोंगर बुटका दिसला की तिथे आवाज कमी आहे असे मी आधीच ठरवून टाकत असे. स्क्रीन मालवल्यावर पहिल्या रात्री मी ज्या प्रकरणाला पूर्ण झाले म्हणून बाजूला ठेवले होते, त्यात मला सात जागी श्वास अर्धवट कापलेले सापडले. श्वास अर्धा कापला की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण त्याची छाती आवळते. ते सातही श्वास मी स्क्रीनवर पाहिले होते, मोजून मापून कापले होते. ऐकले मात्र नव्हते.

तेव्हापासून शेवटचे ऐकणे मी मालवलेल्या स्क्रीनपुढेच करते. चूक सापडली की स्पेसबार दाबते. कोणतीही कळ दाबली की स्क्रीन जागी होतेच, आणि या ठिकाणी तेच हवे असते: रेघ नेमकी त्या चुकीवर थांबलेली असते, मी दुरुस्ती करते, पुन्हा तीन कळा, पुन्हा एक सेकंद. म्हणजे स्क्रीन आता बोलावल्यावरच येते.

शेवटचे ऐकणे हेडफोनवर न करता लॅपटॉपच्या लहान स्पीकरवर, आवाज अगदी बारीक ठेवून करण्याचीही माझी पद्धत आहे, कारण पुष्कळ श्रोते स्वयंपाक करताना मोबाइल ओट्यावर ठेवून ऐकतात. एका रात्री वार्धक्यावरच्या एका निबंधाचे निवेदन मी असे ऐकत होते. निवेदक अनुभवी होते, आवाज भारदस्त होता. "जरा कोणाला चुकली आहे" हे वाक्य आले आणि गेले. मागून आईचा आवाज आला, "ज चुकला त्यांचा."

मला वाटले होते ती झोपली आहे. तिने महापालिकेच्या शाळेत ३० वर्षे मराठी शिकवले. ती अंधारातच उशीवरून सांगू लागली, "थोडं या अर्थाचं जरा वाचलंय त्यांनी. इथे जरा म्हणजे म्हातारपण. तो ज तालव्य हवा, जीवनातल्यासारखा. हा दंततालव्य लागला, जागेतल्यासारखा. मग वाक्याला अर्थच राहत नाही." मी मागे जाऊन पुन्हा ऐकले. ती बरोबर होती. ते वाक्य मी स्क्रीन पाहत तीनदा तपासले होते, आणि हातात असलेल्या संहितेत 'जरा' असेच छापलेले होते. मराठीत दोन्ही ज एकाच अक्षराने लिहिले जातात, म्हणून पानावर ही चूक दिसू शकत नाही. आवाजाच्या आकृतीतही ते दोन डोंगर मला सारखेच दिसतात. ती फक्त ऐकूच येऊ शकते, आणि ती ऐकू आली डोळे मिटून पडलेल्या बाईला.

अंधारातल्या या व्यवस्थेचा एक शत्रू आहे, तो म्हणजे माउस. आमच्या चाळीची जमीन लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर बसवलेली आहे. गॅलरीतून कोणी जड पावलांनी गेले की टेबल किंचित थरथरते, माउस केसभर सरकतो आणि स्क्रीन दचकून जागी होते. रात्री दोन वाजता पलीकडच्या बिऱ्हाडातले काका पाण्यासाठी उठले हे मला माझ्या स्क्रीनवरून कळायचे. आता मी बसण्यापूर्वी माउसची तार काढून ठेवते.

मधल्या काळात एकदा माझा शॉर्टकट गेला. २०२२ मध्ये लिनक्सची नवी आवृत्ती बसवली आणि तीच आज्ञा, स्क्रीन तशी तेवत ठेवून, या सर्व्हरकडे डीपीएमएसची सोय नाही असे सांगू लागली. चित्र रंगवण्याची जुनी एक्स पद्धत जाऊन तिथे वेलँड आली होती. जुन्या पद्धतीत कोणताही प्रोग्राम उठून स्क्रीन मालवू शकत असे; नव्या पद्धतीत हा अधिकार खिडक्यांचे व्यवस्थापन करणाऱ्या एकाच प्रोग्रामकडे ठेवला आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते मला पटते. तरी ते आठ-दहा दिवस मी भिंतीवरचा चौकोन पाहत काढले. आधी लॉगिनच्या वेळी जुनी पद्धत निवडून काम भागवले. पुढे केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप घेतला, तिथे शॉर्टकटांच्या यादीतच स्क्रीन बंद करण्याची नोंद आहे, तिला आपल्या कळा नेमून दिल्या की झाले. विंडोज वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीने पॉवरचे बटण दाबल्यावर केवळ डिस्प्ले जावा असा पर्याय निवडला आहे. मॅकवर स्क्रीनचा एखादा कोपरा त्यासाठी नेमता येतो. बाण त्या कोपऱ्यात नेला की स्क्रीन झोपते. एक सावधगिरी मात्र सगळीकडे बाळगावी लागते: मालवलेली स्क्रीन ही कुलूप लावलेली स्क्रीन नव्हे. आपले काम आतच उघडे असते आणि कोणाचेही बोट त्याला जागे करू शकते. घरात मला त्याची चिंता नाही. कार्यालयात असते तर मी आधी कुलूप लावले असते.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईत कोणी विसरले नसेल. दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल होत्या तिथे उभ्या राहिल्या, आणि टाळेबंदीमुळे घरून काम करणारे सगळे आपापल्या बॅटरीच्या टक्क्यांकडे पाहू लागले. मला त्या दुपारी एक प्रकरण पाठवायचे होते, त्याची फाइल अर्धी तयार झाली होती, आणि बॅटरी दीडेक तासाची होती. लॅपटॉपमध्ये सर्वाधिक वीज घेणाऱ्या भागांत स्क्रीन येते, हे मला तोवर ठाऊक झाले होते. मी तीन कळा दाबल्या. भर दिवसा काळ्या काचेपुढे आम्ही दोघी बसलो होतो; आतला पंखा फिरतो आहे, म्हणजे काम चालू आहे, एवढीच खूण होती.

आई त्या पंख्याचा आवाज ऐकत बराच वेळ गप्प होती, आणि मग १९७१ बद्दल बोलू लागली. लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या पुढच्याच वर्षी डिसेंबरात युद्ध सुरू झाले. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, मोटारींच्या दिव्यांना अर्ध्यावर काळा रंग फासला. भोंगा झाला की खालून स्वयंसेवक ओरडत, दिवे मालवा. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे गिरगाव निजलेले दिसे. "आत मात्र सगळं चालू असायचं," ती म्हणाली. "काळ्या कागदाच्या आत मी भाकऱ्या भाजलेल्या आहेत. तुझ्या आजीनं चाचपडत वाती वळल्या. ऐकू तेव्हा फार यायचं. खालच्या मजल्यावरची मुलं कुजबुजायची तीसुद्धा." फाइल पूर्ण झाल्याचा बारीक घंटेसारखा आवाज आला तेव्हा ती वातींबद्दल सांगत होती, आणि मी स्क्रीन लगेच उजळली नाही.

आता रात्रीचे ऐकणे आम्ही दोघी करतो. हे कधी ठरले असे सांगता येणार नाही. ती साडेअकराला आडवी होते, चष्मा काढून उशाशी ठेवते आणि भिंतीकडे तोंड न करता टेबलाकडे तोंड करते. मी माउसची तार काढते, हेडफोन बाजूला ठेवते, आवाज बारीक करते. काल एका प्रवासवर्णनाचे चौथे प्रकरण होते, आणि तिसऱ्यात नदी ओलांडायची राहिली होती. माझी बोटे कळांवर असतानाच तिने विचारले, "मालवलंस?" मी म्हटले, "एक सेकंद." बोटे उचलली, भिंतीवरचा चौकोन गेला, गजांची सावली पुन्हा दिसू लागली.

"मग लाव आता," आई म्हणाली.